शाळेतलं युरोपीय नागरिकत्व : पालक आणि शिक्षक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी जर्मनीच्या पश्चिम टोकाला, आखनजवळच्या एका शाळेत राज्यशास्त्र शिकवते. गणेशोत्सवात आरतीनंतर, शाळेच्या पालकसभेत, नाहीतर रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर मराठी आईवडील मला जे विचारतात, आणि पुण्या-नाशिककडच्या शिक्षक मैत्रिणी फोनवर जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं मुख्यतः जर्मनीतली आहेत. दुसऱ्या देशातली गोष्ट असेल तिथे तसं सांगितलं आहे.

युरोपीय नागरिकत्व म्हणजे नेमकं काय? त्याचा वेगळा पासपोर्ट मिळतो का?

वेगळा पासपोर्ट नाही, वेगळा अर्जही नाही. युरोपीय महासंघाच्या २७ देशांपैकी एकाचं नागरिकत्व असलं की हे आपोआप सोबत येतं, आणि ते गेलं की हेही जातं. जर्मन पासपोर्टच्या मरून मुखपृष्ठावर सगळ्यात वर ‘युरोपीय महासंघ’ असं छापलेलं असतं आणि त्याखाली देशाचं नाव. ती वरची ओळ म्हणजे हे नागरिकत्व. ७ फेब्रुवारी १९९२ रोजी मास्ट्रिख्ट या डच शहरात झालेल्या कराराने ते आलं आणि १ नोव्हेंबर १९९३ पासून लागू झालं.

त्यातून मिळणारे हक्क मोजके पण ठोस आहेत. सत्तावीसपैकी कुठल्याही देशात जाऊन राहता येतं, शिकता येतं, नोकरी करता येते. जिथे राहतो तिथल्या नगरपालिकेच्या आणि युरोपीय संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, उभंही राहता येतं. जगात जिथे आपल्या देशाचा दूतावास नसेल तिथे दुसऱ्या सदस्य देशाच्या दूतावासाची मदत मागता येते. महासंघाच्या संस्थांना २४ अधिकृत भाषांपैकी कुठल्याही भाषेत पत्र लिहिता येतं, आणि उत्तर त्याच भाषेत आलं पाहिजे.

युरोप खंडात राहणं आणि हे नागरिकत्व असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॉर्वेचा किंवा स्वित्झर्लंडचा माणूस युरोपीय महासंघाचा नागरिक नाही. ब्रिटनचे लोक होते, ते ३१ जानेवारी २०२० नंतर राहिले नाहीत.

आमचं मूल इथेच जन्मलं. मग ते युरोपीय नागरिक झालं ना?

नाही, निव्वळ जन्माने होत नाही. नागरिकत्व कोणाला द्यायचं हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो, महासंघ ठरवत नाही. जर्मनीत आईवडिलांपैकी एकाचा किमान पाच वर्षं कायदेशीर रहिवास आणि कायमस्वरूपी राहण्याचा परवाना असेल, तर इथे जन्मलेलं मूल जन्मतः जर्मन होतं. ही मुदत २०२४ च्या जूनपर्यंत आठ वर्षं होती.

त्यामुळे आपल्या घरांमध्ये एक गोष्ट फार वेळा दिसते. थोरली मुलगी आईवडील इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी झालेली, म्हणून ती भारतीय. धाकटा तिच्यानंतर सात वर्षांनी झाला, तो जर्मन. दोघं एकाच ताटात जेवतात, एकाच बसने शाळेत येतात, आणि विमानतळावर वेगवेगळ्या रांगांत उभी राहतात. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे धाकट्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असतं. नागरिकत्व ही भावना नाही, आधी ती एक कायदेशीर नोंद आहे, हे या भावंडांना मला शिकवावं लागत नाही.

शाळेत हा स्वतंत्र विषय असतो का?

जर्मनीत नाही. इथे शिक्षण हे राज्यांचं काम, राज्यं १६, त्यामुळे अभ्यासक्रमही सोळा. युरोप कुठे राज्यशास्त्रात येतो, कुठे इतिहासात, कुठे भूगोलात. महासंघाला तर शिक्षणाचा अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकारच नाही. तो फक्त देशांना साथ देऊ शकतो, पैसे देऊ शकतो. म्हणून सत्तावीस देशांत सत्तावीस तऱ्हा. इटलीने २०१९ मध्ये कायदा करून सर्व शाळांत वर्षाला किमान ३३ तास नागरिकशास्त्र सक्तीचं केलं आणि त्यात महासंघाचा अभ्यासही घातला. फ्रान्समध्ये ‘नैतिक आणि नागरी शिक्षण’ असा वेगळा तास असतो.

आमच्या मुलाकडे भारतीय पासपोर्ट आहे. त्याला हे शिकून काय उपयोग?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि दर वेळी तो ऐकून मला वाईट वाटतं. कारण मूल वर्गात असतं, धडा चालू असतो, आणि घरी त्याला कळलेलं असतं की हा धडा आपला नाही.

जून २०२४ मधली गोष्ट. युरोपीय संसदेची निवडणूक होती. जर्मनीत निवडणुकीच्या वेळी शाळांमध्ये ‘युनिओरवाल’ नावाचं सराव मतदान होतं. खरी मतपत्रिका, पडदा लावलेलं टेबल, कुलूप लावलेली पेटी, सगळं साग्रसंगीत. आमच्या शाळेत मतदार यादीवर खुणा करायचं आणि मतपत्रिका द्यायचं काम एका सोळा वर्षांच्या मराठी मुलीकडे होतं. लांबलचक मतपत्रिकेच्या घड्या कशा घालायच्या हे ती प्रत्येकाला करून दाखवत होती. त्या वर्षी जर्मनीत युरोपीय निवडणुकीसाठी मतदानाचं वय पहिल्यांदाच १६ वर आलं होतं, त्यामुळे तिच्या वर्गातले बरेचजण रविवारी, ९ तारखेला, खरं मत देणार होते. पेटी सील केल्यावर तिने मला विचारलं, “मग रविवारी मी कुठे मत देऊ?”

मला तिला सांगावं लागलं की कुठेच नाही.

तेव्हापासून मी हा धडा उलट्या बाजूने सुरू करते. पहिल्या तासाला फळ्यावर दोन रकाने. एकात फक्त नागरिकांचे हक्क, दुसऱ्यात इथे राहणाऱ्या प्रत्येकाचे. दुसरा रकाना मुलांना वाटतो त्यापेक्षा बराच मोठा निघतो. युरोपीय संसदेकडे याचिका करण्याचा हक्क सदस्य देशात राहणाऱ्या कुणालाही आहे, पासपोर्ट कुठलाही असो. महासंघाच्या कार्यालयाने अन्याय केला तर युरोपीय लोकपालाकडे तक्रार करण्याचाही आहे. संस्थांची कागदपत्रं मागण्याचाही आहे. महासंघाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेतले बहुतेक हक्क ‘प्रत्येक व्यक्तीला’ या शब्दांनी सुरू होतात. भारतीय पासपोर्टवालं मूल हा रकाना वहीत उतरवून घेतं तेव्हा तो धडा त्याचाही झालेला असतो.

शिकवायला सुरुवात कुठून करावी?

बारा ताऱ्यांचा झेंडा रंगवून घेणं, देशांच्या राजधान्या पाठ करून घेणं, ‘युरोपातले पदार्थ’ असा दिवस करणं यांपासून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं आनंदाने करतात, आणि नागरिकत्वाबद्दल त्यांना त्यातून काहीही कळत नाही. सुरुवात एखाद्या जागेपासून किंवा एखाद्या भांडणापासून करावी.

आमच्याकडे जागा आहे. आखनपासून जवळच हेर्त्सोगनराट हे जर्मन गाव आणि केर्क्राडे हे डच गाव एकमेकांना चिकटून आहेत. दोघांच्या मधला एक रस्ता असा आहे की त्याच्या लांबीनेच सीमा जाते. एका बाजूच्या पाटीवर ‘नॉयश्ट्रासं’, दुसऱ्या बाजूच्या पाटीवर ‘निउस्ट्राट’, अर्थ दोन्हींचा ‘नवा रस्ता’. नव्वदच्या दशकापर्यंत मधोमध एक बुटकी भिंत होती. आता साधा रस्ता आहे. एका फुटपाथवर पिवळी जर्मन टपालपेटी, समोर नारिंगी डच टपालपेटी. गाड्यांच्या नंबरप्लेटा इकडे पांढऱ्या, तिकडे पिवळ्या. मी मुलांना तिथे नेते आणि अर्धा तास नुसतं बघायला सांगते.

मग प्रश्न देते. या फुटपाथवर राहणारी जर्मन बाई उद्या समोरच्या फुटपाथवर राहायला गेली, तर तिचं काय बदलेल? मुलं दोघा-दोघांत बसून शोधतात. पहिले तीन महिने तिला कुणी काही विचारणार नाही. त्यापुढे तिला काम, शिक्षण किंवा स्वतःपुरता पैसा दाखवावा लागेल. केर्क्राडेच्या नगरपालिकेसाठी तिला मत देता येईल, डच संसदेसाठी नाही. युरोपीय संसदेसाठी तिला एकच देश निवडावा लागेल. पाच वर्षांनी कायम रहिवासाचा हक्क मिळेल.

आता शेजारच्या घरात राहणारा, आयटीत काम करणारा नागपूरचा माणूस तोच रस्ता ओलांडून राहायला गेला तर? त्याला नेदरलँड्सचा वेगळा रहिवासी परवाना लागेल. दहा पावलांचं अंतर! इथे वर्गात कुणीतरी हमखास म्हणतं, “हे बरोबर नाही.” दुसरं कुणीतरी म्हणतं, “पण नियम कुठेतरी असायलाच हवा.” तिथून पुढचा तास मुलं स्वतःच चालवतात.

तुमच्या गावाजवळ सीमा नसेल तर न्यायालयातलं प्रकरण घ्या. माझं आवडतं प्रकरण एका फ्रेंच विद्यार्थ्याचं आहे. तो बेल्जियममध्ये लुवँ-ला-नव्ह इथे शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करत होता. पहिली तीन वर्षं त्याने लहानसहान कामं करून, कर्ज काढून भागवलं. चौथं वर्ष अभ्यासाला जड, कामाला वेळ नाही, म्हणून त्याने किमान निर्वाह भत्ता मागितला. आधी मिळाला, मग तू बेल्जियन नाहीस म्हणून काढून घेतला गेला. त्याच्याच परिस्थितीतल्या बेल्जियन विद्यार्थ्याला तो मिळाला असता. २० सप्टेंबर २००१ रोजी महासंघाच्या युरोपीय न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला आणि म्हटलं की युरोपीय नागरिकत्व हे सदस्य देशांच्या नागरिकांचं मूलभूत स्थान ठरणार आहे.

मी हे प्रकरण तीन चिठ्ठ्यांवर देते. पहिल्या चिठ्ठीवर बेल्जियन विद्यार्थी, दुसरीवर फ्रेंच, तिसरीवर भारतीय. पैसे तिघांचेही संपलेले. गट करून न्याय द्यायला सांगते, निकाल नंतर वाचून दाखवते. पहिल्या दोन चिठ्ठ्यांवर भरपूर आरडाओरडा होतो. हा निकाल तिसऱ्या चिठ्ठीला लागू नाही असं सांगितलं की वर्ग शांत होतो. ती शांतता मी मोडत नाही.

हे म्हणजे महासंघाचा प्रचार झाला की. शिक्षकांना तशी मुभा असते का?

नसते. जर्मनीत यासाठी १९७६ चा बॉयटल्सबाख करार आहे. बॉयटल्सबाख हे श्टुटगार्टजवळचं छोटं गाव. तिथे राजकीय शिक्षणावर टोकाची मतं असलेले अभ्यासक एकत्र बसले आणि निदान तीन गोष्टींवर त्यांचं जमलं. विद्यार्थ्याला स्वतःचं मत बनवायच्या आत शिक्षकाने आपल्या मताखाली दाबून टाकायचं नाही. समाजात आणि अभ्यासकांत ज्यावर वाद आहे ते वर्गातही वाद म्हणूनच मांडायचं. आणि विद्यार्थ्याला स्वतःचं हित कशात आहे ते ओळखून त्यासाठी काही करता आलं पाहिजे. हा कायदा नाही, पण इथला प्रत्येक राज्यशास्त्राचा शिक्षक प्रशिक्षणात तो शिकतो आणि पालकही त्याचा हवाला देतात.

याचा अर्थ, ब्रेक्झिट शिकवताना बाहेर पडण्याच्या बाजूने मत देणाऱ्यांचे मुद्दे मला तितक्याच ताकदीने मांडावे लागतात. महासंघाचे कायदे आपल्या रोजच्या आयुष्यापासून फार लांब, ब्रसेल्समध्ये बनतात, ही टीका वर्गात यायलाच हवी. याचा असाही अर्थ नाही की शिक्षकाने गप्प बसावं. माणसाची प्रतिष्ठा आणि कायद्यापुढची समानता हे वादाचे मुद्दे नाहीत, ते जर्मन संविधानात लिहिलेले आहेत.

युरोपियन कौन्सिल, कौन्सिल ऑफ युरोप... मुलगी परीक्षेत नेहमी गोंधळते. लक्षात कसं ठेवायचं?

मोठी माणसंही गोंधळतात, तिला रागावू नका. युरोपियन कौन्सिल म्हणजे सदस्य देशांच्या पंतप्रधान-राष्ट्राध्यक्षांची बैठक. महासंघाची मंत्रिपरिषद म्हणजे त्या त्या खात्याच्या मंत्र्यांची. आणि कौन्सिल ऑफ युरोप ही महासंघाचा भागच नाही. ती १९४९ पासूनची, स्ट्रासबुर्गची, ४६ देशांची वेगळी संघटना आहे आणि मानवी हक्कांचं युरोपीय न्यायालय तिचं आहे. बारा ताऱ्यांचा झेंडा मुळात तिचाच, १९५५ चा. महासंघाने तो नंतर घेतला. तारे देशांची संख्या दाखवत नाहीत, एवढं लिहिलं तरी एक गुण पक्का.

मतदान सगळीकडे सोळाव्या वर्षी करता येतं का?

नाही. २०२४ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम आणि माल्टा इथे १६, ग्रीसमध्ये १७, बाकी सगळीकडे १८. युरोपीय संसदेत सध्या ७२० जागा आहेत, त्यातल्या ९६ जर्मनीच्या. पुढची निवडणूक २०२९ मध्ये. जर्मनीत मूल सोळाव्या वर्षीच मतदार होऊ शकतं, म्हणून आठवी-नववीचे तास मला फार मोलाचे वाटतात.

सीमाच नाहीत म्हणता, मग आम्हाला हायवेवर पोलिसांनी का थांबवलं?

कारण जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी तपासणी न करणाऱ्या देशांचा गट. त्याचे नियम अशी तात्पुरती तपासणी करू देतात. ती ‘तात्पुरती’ किती लांबावी यावर युरोपात जोरदार वाद आहे, आणि तो वर्गात आणण्यासारखा आहे. शेंगेन आणि महासंघ एक नव्हेत हेही यानिमित्ताने सांगा. आयर्लंड महासंघात आहे पण शेंगेनमध्ये नाही, नॉर्वेचं बरोबर उलट. जर्मनीचा रहिवासी परवाना असलेल्या भारतीय मुलाला पॅरिसच्या सहलीला वेगळा व्हिसा लागत नाही, तो शेंगेनमुळे, नागरिकत्वामुळे नव्हे. डब्लिनची सहल ठरली तर मात्र शिक्षकांना आधीच विचारा.

गोव्यातल्या आमच्या नातेवाइकांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. तेही युरोपीय नागरिक?

हो, पूर्णपणे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी, पोर्तुगीज राजवटीत गोवा, दमण आणि दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज कायद्याने पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून नागरिकत्व मिळवता आलं. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात आला, त्यामुळे त्या पासपोर्टला पुढे युरोपभर दारं उघडली. ब्रेक्झिटच्या आधी कितीतरी गोवेकर याच पासपोर्टवर इंग्लंडमध्ये, विशेषतः स्विंडनला गेले. भारताच्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशी नागरिकत्व आपणहून घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, म्हणून हा निर्णय तिथल्या घरांमध्ये हलका नसतो.

वर्गात मी हे उदाहरण मुद्दाम देते. ज्याने लिस्बन कधी पाहिलं नाही असा म्हापशाचा तरुण युरोपीय नागरिक, आणि किंडरगार्टनपासून इथे वाढलेली, जर्मनमध्ये स्वप्नं पाहणारी माझी विद्यार्थिनी नाही. यात त्या तरुणाचा काही दोष नाही. पण नागरिकत्व रक्ताने मिळावं, जन्मभूमीने की राहण्याने, हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने मला दुसऱ्या कुठल्याच उदाहरणात सापडला नाही.

पैसे गुंतवून हे नागरिकत्व विकत मिळतं असं ऐकलं.

माल्टामध्ये तशी योजना होती. २९ एप्रिल २०२५ रोजी युरोपीय न्यायालयाने ती महासंघाच्या कायद्याविरुद्ध ठरवली.

आमच्या शाळेला कुठल्या उपक्रमांत भाग घेता येईल?

युरोपीय संसदेचा ‘राजदूत शाळा’ हा उपक्रम आहे. त्यात विद्यार्थी ‘कनिष्ठ राजदूत’ होतात, शाळेत माहितीचा कोपरा चालवतात, ९ मेला युरोप दिन करतात. मोठ्या मुलांसाठी ‘युरोस्कोला’ आहे. स्ट्रासबुर्गच्या खऱ्या सभागृहात खासदारांच्या आसनांवर बसून मुलं एक दिवस चर्चा आणि मतदान करतात. ‘ई-ट्विनिंग’वर दुसऱ्या देशातला वर्ग जोडीला घेऊन प्रकल्प करता येतो. ‘इरास्मस प्लस’मधून शाळेच्या देवाणघेवाणीला पैसे मिळतात. अठरा पूर्ण झाल्यावर ‘डिस्कव्हर ईयू’च्या रेल्वे पासासाठी अर्ज करता येतो, तो २०१८ पासून सुरू आहे.

एकच निवडायचं असेल तर मी ई-ट्विनिंग निवडेन. स्ट्रासबुर्गचा दिवस मुलांना जन्मभर आठवतो हे खरं, पण तिथे जातात थोडी. पोलंडमधल्या एका वर्गाशी सहा महिने पत्रं लिहिली तर सगळा वर्ग काहीतरी करतो. मागच्या बाकावरची, इंग्रजी बोलायला लाजणारी मुलंसुद्धा.

घरी आम्ही काय करू शकतो?

मुलाला जे पटत नाही त्याचं पत्र लिहायला लावा. सायकलचा रस्ता, शाळेच्या बसची वेळ, नदीतला कचरा, काहीही. मग दोघांनी मिळून शोधा की हे काम कोणाचं : नगरपालिकेचं, राज्याचं, देशाचं की महासंघाचं. दहापैकी आठ वेळा ते नगरपालिकेचंच निघतं. चुकीच्या दारावर गेलेलं पत्र परत येतं तेव्हाच मुलाला कळतं की दारं किती आहेत.

महासंघाचं दार कधीकधी खरंच उघडतं. दहा लाख नागरिकांनी, किमान सात देशांतून ठरावीक संख्येने सह्या केल्या तर युरोपीय आयोगाला, म्हणजे महासंघाच्या कार्यकारी मंडळाला, त्या मागणीला उत्तर द्यावं लागतं. पाण्याच्या हक्कासाठीच्या पहिल्या यशस्वी मोहिमेत सोळा लाखांवर सह्या जमल्या होत्या, आणि २०२० मध्ये पिण्याच्या पाण्याचा कायदा सुधारला तेव्हा त्या मागणीचा वाटा त्यात होता.

भारतीय पासपोर्टवर युरोपात कुठेच मत देता येत नाही का?

येतं, आणि हे फार थोड्या पालकांना माहीत असतं. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत सगळ्या रहिवाशांना मत देता येतं. नेदरलँड्समध्ये पाच वर्षं कायदेशीर राहिलेल्या परदेशी माणसाला नगरपालिकेसाठी देता येतं. म्हणजे त्या नव्या रस्त्याच्या डच फुटपाथवर पाच वर्षं काढलेला नागपूरचा माणूस मतदार, आणि जर्मन फुटपाथवर वीस वर्षं काढलेला नाही.

आमच्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात नगरपालिकेसाठी त्याला मत नाही, पण शहरातल्या स्थलांतरितांच्या प्रश्नांवर सल्ला देणारी समिती निवडण्यासाठी आहे, तेही वयाच्या सोळाव्या वर्षापासून. १४ सप्टेंबर २०२५ ला नगरपालिकेच्या निवडणुकीबरोबर ती निवडणूक झाली. त्याच्या काही आठवडे आधी माझ्या त्या विद्यार्थिनीच्या नावाने घरी पत्र आलं. आईला वाटलं कसलंतरी बिल असेल. दुसऱ्या दिवशी तिने ते शाळेत आणून माझ्या टेबलावर ठेवलं. मतदान केंद्राच्या रकान्यात आमच्याच शाळेचा पत्ता होता.